साडेचारच्या बसची तपासणी

भोसरीत आमच्या मावशी रोज दुपारी साडेचार वाजता कंपन्यांच्या बस तपासायला बसायच्या. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. रिटायर होऊन तेव्हा त्यांना सात वर्षं झाली होती. पण चाकणची, तळवड्याची पहिली शिफ्ट सुटली की ज्या स्टॉपवर बस येऊन बायकांना उतरवतात, त्याच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या अलीकडे, एका बंद टपरीच्या कट्ट्यावर त्या पदर खोचून बसत आणि एकेका बसचा निकाल लावत. "ओके." "ओके." "रीवर्क." "रिजेक्ट."

निकष एकच होता. बसमधून उतरणाऱ्या बायका बोलत उतरतात की गप्प उतरतात. बस थांबली की मावशी मान जराशी तिरकी करायच्या, डोळे बारीक करायच्या आणि शेवटची बाई उतरेपर्यंत आमच्यापैकी कुणी हुं की चूं करायचं नाही. मग सांगायच्या, "आठ तास हुबं ऱ्हाऊनबी जिला बडबड सुचती, तिच्या कंपनीत मानसं हायेत. मुक्यानं उतरली की समजायचं, सुपरवायझरनं जीव खाल्लाय. तितं अर्ज करायचा न्हाई."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू दाबलं होतं. परभणी जिल्ह्यातून आलेली, आयटीआय झालेली मुलगी मी. मला वाटायचं, नोकरी शोधायची तर वेबसाइट असतात, ग्रुप असतात, एजंट असतात. बस बघून कंपनी निवडायची म्हणजे बैलाचे दात बघण्यातला प्रकार झाला. पण मावशींच्या घरात राहायचं तर मावशींचं ऐकायचं, हा करार होता.

मावशी माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. त्यांचं घर दोन मजल्यांचं, खाली त्या एकट्या आणि वर एक लांबट खोली. त्या खोलीत चार कॉट. कॉटवर कायम बाहेरगावच्या मुली, नोकरी शोधायला आलेल्या. खालच्या खोलीत भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, आणि त्या दोघांच्या मध्ये कंपनीनं निरोपाच्या दिवशी दिलेलं घड्याळ. मावशी तिशीला टेकल्यावर एका सुट्या भागांच्या कंपनीत लागल्या आणि एकोणतीस वर्षं एकच काम करून बाहेर पडल्या. ट्यूबलाइटखाली बसायचं, गाडीच्या ब्रेकमध्ये लागणाऱ्या रबराच्या चकत्या एकेक करून बघायच्या, चांगली इकडे, वाईट तिकडे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दिवसाला हजारो चकत्या त्यांच्या नजरेखालून जायच्या. "माज्या डोळ्याखालनं येकबी रिजेक्ट पुडं गेला न्हाई," असं त्या सांगायच्या, तेव्हा आवाज एकदम ताठ व्हायचा.

नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही. भाजीवाल्याच्या गाडीपुढे उभ्या राहून त्या टोमॅटोचे तीन ढीग करायच्या आणि मधला ढीग दाखवून म्हणायच्या, "हा रीवर्कचा. चटणीला चालतो. भाव कमी कर." शेजारणीच्या मुलीला बघायला मुलगा आला, तर शेजारीण आधी मावशींना बोलवायला आली. मावशी दहा मिनिटं त्या मुलासमोर बसल्या, चहा प्यायल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "वरनं पॉलिश झ्याक हाय. आतनं क्रॅक वाटतो." ते लग्न झालं नाही. पुढे त्या मुलाचं काय झालं मला ठाऊक नाही, पण शेजारीण अजून मावशींना डबा आणून देते.

घरात तीन शिफ्ट चालायच्या. नळाचं पाणी पहिल्या शिफ्टला, कपडे दुसऱ्या शिफ्टला. पाहुणा पहिल्या शिफ्टला आला तर त्याला चहा मिळायचा, दुसऱ्या शिफ्टला आला तर सरबत, मग बाहेर कितीही थंडी असो. आमची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. मी परभणी. माझ्या शेजारच्या कॉटवर लातूर. खिडकीशी चिपळूण. चौथ्या कॉटवर मुली बदलत राहायच्या, पण तिथं कुणीही आलं तरी ती काही दिवसांत जिल्ह्याच्या नावानं ओळखली जायची.

आणि उभं राहण्याची प्रॅक्टिस! नवी मुलगी आली की पहिल्या दिवशीच मावशी तिला ओट्यापाशी उभी करायच्या. भाजी निवडायची ती उभ्यानं, तांदूळ निवडायचे तेही उभ्यानं, दोन तास. भिंतीला टेकून सूप थांबलं की बाहेरून मावशींचा आवाज यायचा, "परभणी, लाइन बंद पडली का?" मला वाटायचं बाईला फुकटात घरकाम करून घ्यायची हौस आहे. तांदूळ तर त्या स्वतः कधीच निवडायच्या नाहीत. "नव्या पोरींची नजर तयार व्हाया पायजे," म्हणायच्या. मीही मनात म्हणायचे, कळतोय आम्हाला तुमचा कामचुकारपणा.

आता माझं सांगते. मी भोसरीत आले ती नोकरी शोधायला नव्हे, नोकरीवर रुजू व्हायला. तालुक्याच्या गावी एका एजंटानं आमच्या बॅचच्या पाच-सहा जणींना सांगितलं होतं, जागा पक्की आहे, फक्त पोचा. पोचले तर दिलेल्या पत्त्यावर एक कुलूप, आणि कुलपावर धूळ. बाकीच्या मुली त्याच रात्रीच्या गाडीनं परत गेल्या. मी नाही गेले. रस्त्याच्या कडेला बॅगेवर बसले होते तेव्हा अण्णांचा फोन आला. आमचे अण्णा गावच्या शाळेत शिपाई. त्यांनी विचारलं, "लागलीस का बाई?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लागले."

त्या रात्री एका रिक्षावाल्यानं मला मावशींच्या दारात आणून सोडलं. ते एक 'लागले' मला महिनाभर पुरलं. अण्णांनी शाळेत पेढे वाटले. हेडमास्तरांनी परिपाठाला माझं नाव घेतलं. रोज फोनवर विचारायचे, जेवण कसं आहे, साहेब कसे आहेत, मशीन केवढं आहे. मी मशीनसुद्धा सांगितलं, रंगासकट.

मावशींना हे कळलं ते लातूरच्या आगाऊपणामुळे. मला वाटलं आता बॅग बाहेर. मावशींनी भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बापाशी खोटं बोललीस, ते रिजेक्टच. मी ते पास करनार न्हाई. कुनी इचारलं तर खरं सांगीन. पन आपनहून कुनाला सांगाया जानार न्हाई. तवर काम शोद."

मी शोधत होतेच. सकाळी बायोडाटाच्या दहा प्रती घेऊन निघायचं, शेअर रिक्षानं जिथवर जाता येईल तिथवर जायचं आणि पुढे गेटागेटावरून चालायचं. प्रत्येक गेटवर वॉचमन बायोडाटा घेऊन एका खोक्यात टाकायचा. एका ठिकाणी तर मी दुसऱ्यांदा गेले, तेव्हा त्याच खोक्यातल्या कागदावर वॉचमनभाऊ भजी खात होते. आत बोलावलंच तर प्रश्न एकच, "अनुभव?" "फ्रेशर आहे सर." "मग अनुभव घेऊन ये." अनुभव कुठल्या दुकानात मिळतो ते मात्र कुणी सांगत नव्हतं. ठेकेदारांच्या ग्रुपवर 'अर्जंट पाहिजेत' असे मेसेज दर तासाला यायचे. फोन करेपर्यंत जागा भरलेली असायची.

तरी दोन ठिकाणी माझं जमलं होतं. खरंच जमलं होतं! एक पॅकिंगचं काम होतं मोशीच्या पुढे, दुसरं प्लास्टिकच्या कारखान्यात. दोन्ही वेळा मी धावत घरी आले, आणि दोन्ही वेळा मावशींनी बसचा रंग विचारला. "पिवळी, हिरव्या पट्ट्याची? गप उतरत्यात बाया. न्हाई जायचं." पहिल्यांदा मी ऐकलं. तिथं आधी गेलेली एक मुलगी आठवड्यात पळून आली होती, त्यामुळे मावशींवर माझा विश्वास बसला होता. दुसऱ्यांदा ऐकलं, पण रात्री उशी दाताखाली धरून रडले.

आणि मग अण्णांचा फोन आला. सोमवारी येतोय. शाळेला सुट्टी आहे, देहूला पाया पडेन, आणि तुझ्या कंपनीचं गेट बघेन. आत नाही आलो तरी चालेल, नुसतं गेट बघेन, गावात सांगायला होतं.

तो दिवस बुधवार होता. माझ्याकडे चार दिवस होते.

त्या दुपारी मी कट्ट्यावर मावशींशी भांडले. आयुष्यात मोठ्या माणसाला मी तसं बोलले नव्हते. म्हटलं, "मावशी, तुमचं काय जातंय? तुमची नोकरी झाली, पेन्शन झालं. मला गप्प उतरायला चालेल. मला मुकी व्हायला चालेल. मला फक्त सोमवारी एक गेट पाहिजे." मावशी रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घाईत पास केल्याला मालच आदी परत येतो, परभणी. मी बगितलंय." मी पाय आपटत निघून गेले.

त्याच वेळी स्टॉपवर एक पांढरी बस थांबली होती. मावशींच्या यादीतली ती सगळ्यात वाईट बस; ती दिसली की त्या आम्हाला उठवून घरी पिटाळायच्या, म्हणून तिच्यातल्या बायका मी कधी नीट बघितल्याच नव्हत्या. "दोन वर्स बगते," त्या प्रत्येक नव्या मुलीला सांगायच्या, "त्या बसमदनं बाईचा आवाज ऐकला न्हाई. कुनाला मारून कामाला लावत असतील." त्या कंपनीत जायचं ठरवलेल्या तीन-चार मुलींना त्यांनी माघारी वळवलं होतं. बसच्या पाटीवर कंपनीचं नाव होतं. ते मी वाचलं आणि शुक्रवारी सकाळी कुणाला न सांगता चाकणला गेले.

गेटवर वॉचमननं बायोडाटा खोक्यात टाकला नाही. त्यानं मला आत पाठवलं. एका सुपरवायझर बाईंनी मला एका टेबलापाशी उभं केलं. टेबलावर फळी, फळीवर खिळे, खिळ्यांमधून गाडीच्या वायरी फिरवून त्यांची जुडी बांधायची. शेजारी माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि एक जुडी सावकाश बांधून दाखवली. एकही शब्द बोलली नाही. लाल इथून, निळी खालून, इथं टेप, इथं गाठ. तिनं दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा मी बांधली. तिनं माझी गाठ ओढून बघितली आणि अंगठा वर केला.

सुपरवायझर बाई म्हणाल्या, "आमच्या निम्म्या मुलींना ऐकू येत नाही. बोलता येत नाही. तुला चालेल ना?"

मी विचारलं, "मग मला काम कसं समजावून सांगणार?"

त्या हसल्या. "आत्ता समजलं ना? तसंच."

सोमवारपासून रुजू व्हायला सांगितलं. मी बाहेर आले आणि गेटासमोर उभी राहून ते गेट चांगलं डोळे भरून बघितलं. निळं होतं, चांगलं उंच होतं. अण्णांना आवडणार होतं.

घरी येऊन मावशींना सांगितलं, काम लागलं. त्यांनी विचारलं, बस कुठली? मी म्हणाले, बस नाही, शेअर रिक्षा. अण्णांशी एक खोटं चालूच होतं, त्यात मावशींशी दुसरं. मावशींनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं पकडले गेले. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि गूळ आणायला आत गेल्या.

सोमवारी पहिली शिफ्ट. पाचला उठून मी आडवाटेनं एक स्टॉप पुढे चालत गेले आणि तिथून पांढऱ्या बसमध्ये चढले. ऐकू न येणाऱ्या मुलींची हीच बस होती. तिच्याबद्दल मी एवढंच सांगते की इतका गोंगाट मी कुठल्याच बसमध्ये बघितला नाही. आवाज फक्त इंजिनाचा, पण हात! मागच्या सीटवर कुणीतरी विनोद सांगितला, तो हातोहात ड्रायव्हरच्या मागच्या सीटपर्यंत गेला आणि सगळी बस पोट धरून हसली. टेबलावर मला काम दाखवणारी मुलगी खिडकीशी बसली होती. तिनं मला शेजारी ओढलं, माझ्या हनुवटीवरच्या जुन्या खुणेला बोट लावलं आणि सगळ्यांना ते दाखवलं. तेच माझं नाव झालं. संध्याकाळपर्यंत मला 'पाणी', 'जेवलीस का' आणि 'साहेब आले' एवढं हातांनी बोलता यायला लागलं होतं.

परतताना बस भोसरीत वळली. सकाळसारखंच पुढच्या स्टॉपवर उतरायचं, घरी जायचं, तोंड धुवायचं आणि अण्णांना भेटायचं, असं मी ठरवलं होतं. अण्णा दुपारी पोचले होते. मावशींनी त्यांना सरबत दिलं असणार, एवढंच मी धरून चालले होते. पण खिडकीतून बघितलं तर कट्ट्यावर मावशी आणि त्यांच्या शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन, टोपी नीट करत बसलेले अण्णा. मावशींनी पाहुण्याला तपासणी दाखवायला आणलं होतं.

पण वडील समोर बसलेले असताना पुढे निघून जायला पाय धजेनात. मी सगळ्यांबरोबर उतरले आणि रस्ता ओलांडला. मुली पलीकडेच थांबल्या होत्या, रिक्षाची वाट बघत, हातांनी गप्पा चालूच.

मावशी अण्णांना सांगत होत्या, "ही बगू नका, पाव्हनं. ही रिजेक्ट. दोन वर्स झाली, येकबी पोरगी त्वांड उगडत न्हाई."

अण्णा खदखदून हसले. "काय म्हन्ता मावशी! आवो लेकी किती बोलायल्यात. हात बगा की त्यांचे! हे बगा, ती गजरा माळलेली पोरगी काय तरी सांगायली, अन् त्या सगळ्या हसायल्यात." एवढ्यात मी दिसले. "आन् ही बगा आमची बाई आली! ह्याच गाडीतून उतरली!"

मावशींनी माझ्याकडे मान वळवली. मी दोन हातांवर उभी होते, कंपनीचा नवा निळा कोट घालून. त्यांनी विचारलं, "कोन?"

"मी, मावशी. परभणी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग रस्त्यापलीकडे. डोळे बारीक केले, पदरानं पुसले, पुन्हा बारीक केले. "कुटं हायेत हात?" त्यांनी विचारलं. अण्णांना वाटलं त्या थट्टा करतायत. त्यांनी बोट दाखवलं. "त्या काय. सगळ्याच." रस्ता काही रुंद नव्हता. पलीकडच्या मुलीच्या केसातला गजरासुद्धा मला दिसत होता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडून निवडून घेतलेले तांदूळ. 'कोन?' हा प्रश्न, जो त्या रोज जिन्यावर पावलं वाजली की विचारायच्या. मला कामचुकार वाटलेली ती बाई.

मावशी म्हणाल्या, "मला न्हाई दिसत."

मग त्या अण्णांकडे वळल्या आणि परक्या माणसासमोर, आधीपेक्षा मोठ्यानं म्हणाल्या, "पाव्हनं, मला दिसत न्हाई. दोन वर्स झाली. बसचा रंग कळतो, मानूस कळत न्हाई. येकोनतीस वर्स डोळ्यांची भाकरी खाल्ली हो. कुनाला कसं सांगू? म्हनून आवाजावर बस तपासत व्हते." त्यांनी माझा कोट चाचपला, त्याचं बटण बोटांत धरून ठेवलं. "किती पोरी मी या बसवरनं माघारी फिरवल्या ग, परभणी? आन् ह्या लेकींना रोज रिजेक्ट म्हनत व्हते. रोज."

ज्या बाईनं आपली एवढी जपलेली गोष्ट माझ्या वडिलांपुढे उघडी केली, तिच्या शेजारी खोटं घेऊन उभं राहणं मला जमेना. मी म्हणाले, "अण्णा, माझापण आज पहिलाच दिवस आहे. महिनाभर मी तुम्हाला खोटं सांगत होते. तो एजंट पळून गेला होता. मशीन वगैरे काही नव्हतं."

अण्णांनी टोपी काढली. मांडीवर ठेवली. पलीकडच्या मुलींना रिक्षा मिळाली, त्या दाटीवाटीनं बसल्या आणि गेल्या. अण्णा त्या रिक्षेकडे बघत होते. मला वाटत होतं, आता म्हणतील, बॅग भर.

"उद्या किती वाजता जायचंय?" त्यांनी विचारलं.

"पावणेसहाला बस आहे."

"मंग चल, जेवून घे लवकर. पहाटं उठायचंय." एवढं बोलून ते उठले आणि एका हातानं मावशींना धरून, सांभाळून घराकडे निघाले. मी मागे राहून चांगलं रडून घेतलं. महिन्याभरात पहिल्यांदा ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला दोघंही मला पोचवायला आले. यावेळी मावशी कट्ट्यावर बसल्या नाहीत. रस्ता ओलांडून थेट बसच्या दाराशी आल्या. खिडक्यांतून मुली बघत होत्या. मावशींनी दोन बोटं आपल्या डोळ्यांना लावली, हात 'नाही' असा हलवला, आणि मग दोन्ही कान धरले. वयस्कर बाई, सगळ्या रस्त्यासमोर, कान धरून उभी. बसमधल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आपल्याला कुणी दोन वर्षं नापास करत होतं हे त्यांना कुठं माहीत होतं? खिडकीतल्या मैत्रिणीनं मला हातांनी विचारलं, काय झालं? मला एका दिवसात एवढं सांगता येत नव्हतं. मी नुसती मान हलवली.

त्या आठवड्यात माघारी वळवलेल्या मुलींचे नंबर मावशींनी मला शोधायला लावले. तिघी सापडल्या. मावशी स्वतः फोनवर बोलल्या, "माजी तपासनी चुकली. जा तितं." दोघी आल्या. त्यातली एक आज माझ्या शेजारच्या लाइनवर आहे. थंडीत मी सुट्टी टाकून मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. डॉक्टरांनी वेळ विचारली तर म्हणाल्या, पहिल्या शिफ्टला ठेवा. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा त्यांनी डॉक्टरांचा चेहरा बारकाईनं बघितला आणि मला म्हणाल्या, "ओके हाय."

तोपर्यंत माझे हात बऱ्यापैकी बोलायला लागले होते. एक दिवस बसमध्ये मी खिडकीतल्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. बस बघून कंपनी निवडणारी म्हातारी, तिचे डोळे, तिचं रिजेक्ट, तिचं कान धरणं. तिनं मला मध्येच थांबवलं. समोरच्या, मागच्या सीटवरच्या मुलींना बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सांगून झालं तर कुणी हसलं नाही. मग ती सावकाश, मला नीट कळावं म्हणून एकेक खूण सुटी करून, सांगायला लागली.

आम्ही तिला ओळखतो. ती रोज समोर बसते. आम्हाला वाटायचं, आपली वाट बघते. उतरल्यावर आम्ही रोज तिला हात करायचो. तिनं कधी केला नाही. आम्हाला वाटायचं, तिला आम्ही आवडत नाही.

हे मी त्या संध्याकाळी मावशींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, आता स्वतःच निवडायच्या. सूप तसंच मांडीवर राहिलं. "रोज?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, रोज.

दुसऱ्या दिवशी आमची बस भोसरीच्या सिग्नलला अडकली होती. स्टॉप अजून बराच लांब होता. मी खिडकीतून वाकून बघितलं, तर कट्ट्यावर मावशी काळा चष्मा लावून उभ्या होत्या आणि त्यांनी हात वर केला होता. सिग्नल सुटायला वेळ लागला. बस स्टॉपला पोचेपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.